वीस टन उचलणारं हेलिकॉप्टर कुठे अडतं?

चार आकडे घेऊ: २८.२, २०, ९.६ आणि ५६. सगळे टनांमधले, आणि सगळे एकाच यंत्राचे, रशियन बनावटीच्या एमआय-२६ हेलिकॉप्टरचे. पहिला आकडा त्याच्या रिकाम्या वजनाचा. दुसरा, ते जास्तीत जास्त किती भार उचलतं त्याचा. तिसरा, टाक्या काठोकाठ भरल्यावर आत असलेल्या इंधनाचा. बारा हजार लिटर म्हणजे साधारण ९.६ टन. चौथा आकडा मर्यादेचा: जमीन सोडताना सगळं मिळून वजन याच्या वर जाता कामा नये. आता पहिल्या तिघांची बेरीज करून पाहा. ५७.८ येते. ५६ मध्ये ती बसत नाही.

माहितीपत्रकातला एकही आकडा खोटा नाही, पण सगळे एकाच दिवशी खरे ठरत नाहीत. पूर्ण वीस टन भरायचे असतील तर किमान १.८ टन इंधन कमी घ्यावं लागतं, म्हणजे पल्ला घटतो. त्यात वैमानिक, इंजिनिअर आणि लोडमास्तर यांची वजनं धरलेलीच नाहीत. तळ समुद्रसपाटीपासून उंचावर असेल तर हवा विरळ, मग भार आणखी कमी. भरल्या टाक्यांवर हे यंत्र सुमारे ८०० किलोमीटर जातं. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असतो, म्हणून सांगून टाकतो: किलोमीटरला पंधरा लिटर.

अवजड हेलिकॉप्टरांची चर्चा बहुतेक वेळा या वीस टनांपाशीच संपते. कुणाचं जास्त उचलतं, कुणाचं पातं मोठं, किंमत किती. मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा आकडा माहितीपत्रकात छापलेलाच नसतो: ताफ्यातली किती यंत्रं आज सकाळी उडू शकतात? तो आकडा सुट्या भागांच्या गोदामात ठरतो, आणि त्याचं गणित आपल्या अंदाजापेक्षा बरंच निराळं आहे.

थोडी पार्श्वभूमी. प्रचंड हेलिकॉप्टरं बांधण्याचा नाद सोव्हिएत महासंघाला १९५७ पासूनचा, एमआय-६ उडालं तेव्हापासूनचा. हेलिकॉप्टर-रचनाकार मिखाईल मिल यांच्या ब्यूरोने पुढे व्ही-१२ नावाचं एक अजस्र यंत्र केलं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्याने ४०,२०४.५ किलो भार २,२५५ मीटर उंचीवर नेला. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, पण ते हेलिकॉप्टर बनलं दोनच प्रतींत. विक्रमी यंत्र आणि वापराचं यंत्र यांतला फरक तिथेच दिसतो. १९७० मध्ये मिल गेले. त्यांच्यामागे मारात तिश्चेन्को यांच्या नेतृत्वाखाली एमआय-२६ आकाराला आलं आणि १४ डिसेंबर १९७७ रोजी पहिल्यांदा उडालं. ३ फेब्रुवारी १९८२ ला एमआय-२६ ने यंत्र, इंधन आणि भार मिळून ५६,७६८.८ किलो वजन २,००० मीटरवर नेऊन ठेवलं.

हे जमलं कशामुळे? लोक इंजिनाकडे बोट दाखवतात. दोन इंजिनं, प्रत्येकी सुमारे ११,४०० अश्वशक्तीची. माझ्या मते खरा चमत्कार त्यांच्या मागच्या गिअरबॉक्सचा आहे. इंजिनाचा दांडा मिनिटाला सुमारे ८,३०० फेरे घेतो आणि वरचा पंखा फिरतो मिनिटाला फक्त १३२ वेळा. आपल्या घरातला छताचा पंखा पाचवर टाकला की याच्या दुपटीहून जोरात फिरतो. पण छताच्या पंख्याचा व्यास सव्वा मीटर असतो, याचा ३२ मीटर. म्हणून १३२ फेऱ्यांतही पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८०० किलोमीटर वेगाने हवा कापतं. ८,३०० चे १३२ करताना सुमारे वीस हजार अश्वशक्ती एका पेटीतून आरपार जाते. त्या पेटीचं स्वतःचं वजन साडेतीन टनांच्या घरात आहे, म्हणजे तीन-चार मोटारींइतकं. दातेरी चक्रं, बेअरिंगं, तेलाच्या वाहिन्या, सील. यातलं एक चक्र तडकलं तर दुसरं इंजिन शाबूत असण्याचा काही उपयोग नाही. इंजिनं दोन आहेत, पण मुख्य गिअरबॉक्स एकच.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये सायबेरियातल्या तायमिर द्वीपकल्पावर एका एमआय-२६ ने गोठलेल्या मातीचा २३ टनांचा ठोकळा उचलला होता. आत हजारो वर्षांपूर्वी मेलेला मॅमथ होता. ती चित्रफीत जगभर गाजली. पुढचा तपशील मात्र फारसा कुणी सांगत नाही: एवढ्या भाराने सांगाडा किंवा पाती वाकली तर नाहीत ना, हे तपासायला ते हेलिकॉप्टर लगेच कारखान्यात पाठवावं लागलं. क्षमतेपेक्षा फक्त तीन टन जास्त, तेही एकदाच, आणि यंत्र कामातून बाहेर. ट्रकवर तीन टन जादा माल घालणं हा आपल्या महामार्गांवरचा रोजचा शिरस्ता आहे. हेलिकॉप्टरला तो चालत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं.

या मोजणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पातं, पात्यांचा मधला तुंबा, गिअरबॉक्स, इंजिन, शेपटीकडे जाणारा दांडा, या प्रत्येकाची स्वतंत्र पत्रिका असते. जन्म कधी आणि कुठल्या कारखान्यात, आतापर्यंत किती तास उडालं, कितव्यांदा उघडलं, कुणी बंद केलं, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. आयुष्याच्या मर्यादा दोन, एक उड्डाणाच्या तासांची आणि दुसरी वर्षांची. जी आधी संपेल ती लागू. म्हणजे हेलिकॉप्टर हँगरमध्ये नुसतं उभं राहिलं तरी त्यातलं रबर, तेलाचे सील आणि नळ्या यांचं वय वाढतच असतं. सोव्हिएत पद्धतीत ही शिस्त आणखी कडक: ठरलेली मुदत संपली की भाग ठणठणीत दिसत असला तरी उतरवायचा आणि ओव्हरहॉलला, म्हणजे संपूर्ण उकलून पुन्हा जुळवायला, कारखान्यात पाठवायचा. पत्रिका हरवली तर भाग भंगारात. तो चांगला होता हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्गच नसतो.

ही शिस्त बाबूगिरी वाटू शकते. ती तशी का नाही, हे ६ नोव्हेंबर १९८६ ला शेटलंड बेटांजवळ दिसलं. तेलविहिरीवरच्या कामगारांना घेऊन येणारं एक नागरी चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. चिनूकला दोन मोठे पंखे असतात, एक पुढे आणि एक मागे, आणि त्यांच्या पात्यांची वर्तुळं एकमेकांत शिरतात. दोघांचा ताल जुळलेला राहतो तो गिअर आणि दांड्यांमुळे. त्या दिवशी पुढच्या गिअरबॉक्समधलं एक सुधारित दातेरी कडं तुटलं, ताल बिघडला, पाती एकमेकांवर आपटली. ४५ माणसं गेली, दोघं वाचली.

आता भारताकडे येऊ. १९८६ पासून हवाई दलाने एकूण चार एमआय-२६ घेतली आणि ती चंदीगडला ठेवली. ज्या तुकडीकडे ती होती तिचं टोपणनाव ‘फेदरवेट्स’, म्हणजे पिसासारखे हलके. हवाई दलाची विनोदबुद्धी चांगली आहे. चार गुणिले वीस, म्हणजे कागदावर ८० टन. हिमालयात रस्ता नसलेल्या जागी बुलडोझर उतरवायचा असेल तर देशात दुसरा उपायच नव्हता. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात इंधन आणि अवजड सामान नेण्याचं काम या हेलिकॉप्टरांनी केलं, पुढे केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठीची यंत्रंही त्यांनीच वर पोहोचवली. आपल्या बेलापूरचं मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे काश्मीर रेल्वेमार्गाचा चिनाब खोऱ्यातला अवघड टप्पा होता. ज्या डोंगरांत पोहोचायला आधी रस्तेच बांधावे लागले, तिथे सुरुवातीची यंत्रसामग्री नेण्यासाठी हवाई दलाची मदत घेतली गेली.

त्याच कामावर असताना १४ डिसेंबर २०१० ला जम्मू विमानतळावरून उडालेलं एक एमआय-२६ काही सेकंदांतच खाली आलं. आतले नऊही जण जखमी झाले, कुणी दगावलं नाही. आत चढवलेलं वाहन नीट जखडलेलं नव्हतं, त्यामुळे तोल गेला, असं चौकशीत निष्पन्न झालं. योगायोग असा की बरोबर ३३ वर्षांपूर्वी त्याच तारखेला एमआय-२६ ने पहिलं उड्डाण केलं होतं. चाराची तीन झाली.

चाराची तीन होणं म्हणजे क्षमता पाव भागाने घटणं, असं आपण म्हणतो. हिशेब करून पाहू. सोयीसाठी धरून चालू की कुठल्याही दिवशी एखादं यंत्र उडण्याजोगं असण्याची शक्यता निम्मी आहे, नाणेफेकीइतकी. चार यंत्रांपैकी एकही उडण्याजोगं नसेल असा दिवस सोळांतून एक, म्हणजे ६.२५ टक्के. तीन यंत्रं असतील तर आठांतून एक, १२.५ टक्के. तिसरं ओव्हरहॉलसाठी परदेशी गेलं की उरली दोन. आता चारांतून एक दिवस कोरा, २५ टक्के. एखाद्या आपत्तीत एकाच वेळी दोन हवी असतील तर? चार असताना अशी शक्यता जवळजवळ ६९ टक्के होती, तीन असताना ५० आणि दोन असताना २५. यंत्रं निम्मी झाली, पण भरवसा निम्म्याहून खाली गेला. आणि हेच गणित पंधरा यंत्रांना लावलं तर किमान दोन तयार असण्याची शक्यता ९९.९५ टक्के येते. प्रत्येक यंत्र तितकंच नाठाळ, तरी ताफा मात्र विश्वासाचा.

लहान ताफ्याची दुसरी पंचाईत गोदामात आहे. समजा एका ओव्हरहॉलला शंभर वेगवेगळे भाग लागतात, आणि प्रत्येक भाग वेळेवर हाती असण्याची शक्यता ९९ टक्के आहे. ऐकायला झकास. पण शंभरच्या शंभर भाग हाती असण्याची शक्यता किती? ९९ टक्क्यांना स्वतःनेच शंभर वेळा गुणा: ३६.६ टक्के. म्हणजे तीनांतली जवळजवळ दोन हेलिकॉप्टरं कुठल्या तरी एका भागापायी अडून राहणार. ९९ च्या जागी ९५ घेतलं तर उत्तर एका टक्क्याच्याही खाली जातं. गोदाम-अधिकाऱ्याला आपण ९५ टक्क्यांना शाबासकी देऊ आणि तेवढ्यातच ताफा जमिनीला खिळलेला असेल. हवाई क्षेत्रात याला ‘एओजी’ म्हणतात, भागासाठी जमिनीवर थांबलेलं यंत्र. अशा वेळी करायचं काय, तर शेजारच्या यंत्राचा भाग काढून याला लावायचा. एक उडतं, दुसरं पंगू होतं. आणि एकच भाग दोनदा काढून दोनदा बसवावा लागतो. काम दुप्पट आणि चुकायची संधीही दुप्पट.

या हिशेबाचं आपल्या मातीतलं ठिकाण सांगायचं तर नागपूर. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथे वायुसेनानगरात आहे. तिच्या अखत्यारीतल्या दुरुस्ती तळांपैकी नाशिकजवळच्या ओझरच्या तळावर लढाऊ विमानांचं ओव्हरहॉल होतं आणि चंदीगडच्या तळावर हेलिकॉप्टरांचं. हा चंदीगडचा तळ इथे बघण्यासारखा आहे. २००८ पासूनच्या करारांनुसार भारताने १५१ एमआय-१७ व्ही-५ घेतली. ती मध्यम वजनाची, पण रशियनच. त्यांच्या ओव्हरहॉलची सोय चंदीगडमध्येच उभी राहिली. त्याच शहरात उभ्या असलेल्या एमआय-२६ साठी तशी सोय झाली नाही, आणि होणंही कठीण होतं. १५१ यंत्रांसाठी चाचणीची यंत्रणा, साचे, कारागिरांचं प्रशिक्षण यांवरचा खर्च वसूल होतो; चारांसाठी होत नाही. मग साडेतीन टनांची पेटी आणि आठ टर्बाइनं हजारो किलोमीटर लांब पाठवणं आलं. उरलेली तीन एमआय-२६ शेवटी अशाच ओव्हरहॉलची वाट पाहत जमिनीवर थांबली. कुणाच्या निष्काळजीपणापेक्षा मला यात ‘चार’ या आकड्याचाच दोष जास्त दिसतो. अवजड हेलिकॉप्टरं चार घेणं म्हणजे दोन घेणं, असं म्हणायला हरकत नाही.

मोठा ताफा असला म्हणजे सुटका झाली असंही नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरचा अनुभव घ्या. सीएच-५३ई सुपर स्टॅलियन हे त्यांचं तीन इंजिनांचं, सात पात्यांचं यंत्र १९८१ मध्ये सेवेत आलं. बाहेर लटकवून सोळा टनांवर भार नेतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे अशी १४७ हेलिकॉप्टरं होती आणि त्यांतली उडण्याजोगी फक्त ४२. म्हणजे २८.६ टक्के. या दराने शंभर हेलिकॉप्टरं हवेत हवी असतील तर ताफा ३५० चा लागेल. उलट उडण्याजोग्यांचं प्रमाण ६८ टक्क्यांवर नेलं तर आहेत त्या १४७ मध्येच शंभर मिळतात. दोनशे नवी यंत्रं की गोदाम भरणं, यातलं स्वस्त काय हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्करावर ही पाळी आली कशी? उत्पादन १९९९ मध्येच थांबलं होतं. नंतर इराक आणि अफगाणिस्तानात धुळीत वर्षानुवर्षं वापर झाला. जागा घ्यायला येणारं सीएच-५३के ‘आता येईलच’ म्हणून जुन्यावरचा हात आखडता राहिला आणि नव्याला उशीर होत गेला; त्याचं पहिलं उड्डाण २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये झालं आणि ते सेवेला सज्ज असल्याचं जाहीर व्हायला २०२२ चा एप्रिल उजाडला. मधल्या काळात एकेक जुनं हेलिकॉप्टर पूर्ण उसवून पुन्हा उभं करण्याची मोहीम काढावी लागली. याच कुळातलं नौदलाचं यंत्र वापरणारा जपान हा एकमेव बाहेरचा देश. त्याने ती निवृत्त केली तेव्हा अमेरिकी नौदलाने त्यांतले सांगाडे सुट्या भागांसाठी विकत घेतले. स्वतः बनवून विकलेला माल जुन्या बाजारातून परत आणण्यासारखंच हे. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या फियाटचे भाग हुडकणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही.

भारताने दुसरा रस्ता धरला. अवजड हेलिकॉप्टरांच्या स्पर्धेत एमआय-२६ ची सुधारित आवृत्ती आणि अमेरिकी चिनूक सीएच-४७एफ समोरासमोर होती. २०१२ मध्ये चिनूकची बोली कमी ठरली आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये पंधरा चिनूक आणि बावीस अपाचे हेलिकॉप्टरांचे करार झाले. दोन्ही मिळून सुमारे तीन अब्ज डॉलर. पहिली चार २५ मार्च २०१९ ला चंदीगडमध्येच, त्याच फेदरवेट्सकडे, दाखल झाली. माहितीपत्रक पाहिलं तर हा तोट्याचा सौदा वाटतो. चिनूक साधारण अकरा टन उचलतं, एमआय-२६ वीस. पण पंधरा गुणिले अकरा १६५ टन होतात, आणि निम्मीच यंत्रं चालू धरली तरी ८२, म्हणजे चारही एमआय-२६ एकदम उडाली असती तर मिळाला असता त्याहून जास्त भार. शिवाय एमआय-२६ ची उड्डाणाची कमाल उंची ४,६०० मीटरच्या आसपास, चिनूकची सहा हजारांच्या आसपास. लडाखमध्ये हा फरक टनांपेक्षा मोठा ठरतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका चिनूकने चंदीगड ते जोरहाट हे १,९१० किलोमीटर अंतर न थांबता साडेसात तासांत कापलं.

चिनूकची खरी ताकद त्याच्या वयात आहे. ते पहिल्यांदा उडालं १९६१ मध्ये, म्हणजे एमआय-२६ पेक्षा सोळा वर्षं आधी. आजवर बाराशेहून अधिक बनली. सुरुवातीला प्रत्येकी २,२०० अश्वशक्ती देणाऱ्या टी-५५ इंजिनाच्याच आजच्या आवृत्ती ४,७०० च्या वर देतात. नाव तेच, घराणं तेच, आत सुधारणा होत गेल्या. जगात एवढी यंत्रं फिरत असताना भाग बनवणाऱ्या कारखान्याला मागणीची चिंता नसते, आणि पंधरा यंत्रांचा ग्राहकही त्याच रांगेत उभा राहू शकतो. मागच्या पंख्याखालचा उंच मनोरा आणि माल चढवायचा उतार बेंगळुरूच्या डायनॅमॅटिक कंपनीत बनून अमेरिकेला जातो, हेही यातच आलं. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्या जुन्या सीएच-५३ च्या जागी साठ चिनूक निवडली, तेव्हा हेच गणित होतं: शेजाऱ्यांकडे जे आहे ते घ्या, म्हणजे भाग उसने मिळतात.

इथे ब्रिटनचा एक धडा. त्यांनी १९९५ मध्ये आठ चिनूक मागवली, पण इतरांसारखी नकोत, विशेष मोहिमांसाठी वेगळी हवीत म्हणून अंतर्भागातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा खास बनवून घेतली. २००१ मध्ये यंत्रं आली. सॉफ्टवेअर सुरक्षित असल्याची खात्री करणं जमेना, म्हणून लष्करी कामाला परवानगी मिळेना. सुमारे २५.९ कोटी पौंडांची आठ हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं हँगरमध्ये पडून राहिली, शेवटी ती यंत्रणा काढून इतरांसारखी साधी करून घ्यावी लागली तेव्हा कुठे कामाला आली. ‘आमच्या खास गरजांनुसार बदल’ हे शब्द कुठल्याही संरक्षण करारात वाचले की मला ही आठ हेलिकॉप्टरं आठवतात.

मात्र मघाच्या नाणेफेकीच्या गणितात एक गृहीतक दडलेलं होतं: एक यंत्र बिघडलं म्हणून दुसरं बिघडत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते गृहीतकच कोसळलं. अमेरिकी सैन्याने आपली सगळी, सुमारे चारशे, चिनूक एकदम जमिनीवर आणली. काही इंजिनांना छोट्या आगी लागल्या होत्या, कारण इंधनगळती, आणि तिचं मूळ ओ-रिंग. प्रेशर कुकरच्या झाकणात असते तशी गोल रबरी कडी, फक्त त्याहून लहान. इंजिन बनवणाऱ्या हनीवेल कंपनीचं म्हणणं असं की सैन्याच्या एका डेपोत नेहमीच्या दुरुस्तीच्या वेळी काही इंजिनांत प्रमाणाबाहेरच्या ओ-रिंग बसवल्या गेल्या होत्या. संशयित यंत्रं सत्तरच्या आसपास, थांबली चारशे, कारण कुठल्या सत्तर हे पत्रिका तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. भारताने उत्पादकाकडे तपशील मागवला. आपली चिनूक मात्र उडत राहिली. मोठ्या ताफ्यात भाग मुबलक असतात, आणि वाईट भागही तितक्याच सहज सगळीकडे पोहोचतो.

लहान ताफ्याला मुळात पोहोचवणाराच नसतो, आणि एमआय-२६ ची ही अडचण २०१४ नंतर आणखी घट्ट झाली. या हेलिकॉप्टरचा सांगाडा रशियात बनतो, डॉन नदीकाठच्या रोस्तोवमध्ये. इंजिन मात्र डी-१३६, युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या मोटर सिच कारखान्याचं. सोव्हिएत महासंघ एक होता तोवर हे दोन जिल्ह्यांतले कारखाने होते. १९९१ मध्ये ते दोन देशांतले झाले, तरी व्यवहार चालू राहिला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर युक्रेनने रशियाशी लष्करी सहकार्य बंद केलं. त्याचा चटका आपल्याला दुसऱ्या एका यंत्रामुळेही बसला: २००९ मध्ये शंभराहून अधिक एएन-३२ मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणाचा सुमारे ४० कोटी डॉलरचा करार युक्रेनशी झाला होता. चाळीस विमानं तिकडे जाऊन सुधारून आली, उरलेली कानपूरच्या तळावर सुधारायची होती. भाग येणं अडलं आणि काम रेंगाळलं. त्या विमानांचे कितीतरी भाग रशियातून येत, आता दोन देश एकमेकांना ते देईनात.

मोटर सिच विकत घ्यायला चिनी गुंतवणूकदार पुढे आले होते, तो व्यवहार २०२१ मध्ये युक्रेनने रोखला. २०२२ मध्ये कारखान्यावर रशियाची क्षेपणास्त्रं पडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये युक्रेन सरकारने युद्धकाळातल्या अधिकाराने कारखाना ताब्यात घेतला. रशियाने एमआय-२६ साठी स्वतःचं नवं इंजिन आणण्याचं काम हाती घेतलं आहे. पण नवं इंजिन म्हणजे नव्या पत्रिका, नवे तास आणि नवी गोदामं.

पुढच्या वेळी अवजड हेलिकॉप्टरच्या खरेदीची बातमी आली तर टनांचा आकडा बाजूला ठेवून तीन गोष्टी शोधा: जगात अशी आणखी किती यंत्रं उडतात, गिअरबॉक्स उघडायला कुठे पाठवावा लागतो, आणि इंजिन कुठल्या गावात बनतं. एमआय-२६ च्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर झापोरिझ्झिया. रोस्तोवपासून ते सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे, भरल्या टाक्यांच्या एमआय-२६ साठी दीड तासाहून कमी अंतर. मध्ये युद्धाची आघाडी आहे.